बाहेरच्या बाजूचं बक्कल

माथ्याशी बिजागरीनं जोडलेल्या दोन शिड्यांच्या जोडीला रंगारी लोक घोडी म्हणतात. इतर रंगारी घोडीवर चढतात, हात पोचेल तेवढी भिंत रंगवतात, खाली उतरतात, घोडी पुढे सरकवतात आणि पुन्हा चढतात. शहाणी माणसं. आमच्या गोष्टीतला रंगारी तेवढा शहाणा नव्हता. तो सकाळी एकदा वर चढला की चहा आल्याशिवाय उतरत नसे. घोडी हलवायची झाली तर वरच बसून, एक पाय इकडे, एक पाय तिकडे, कमरेला असा काही हिसका द्यायचा की घोडी खट्, खट्, खट् करत भिंतीच्या कडेनं चालू लागायची. हातात रंगाचा डबा, ओठांवर शीळ आणि खाली घरमालकीण जीव मुठीत धरून उभी. "अहो, पडाल!" असं ती ओरडली की हा वरून म्हणायचा, "वहिनी, पडायला सवड कुठाय?" लोकांनी त्याचं नाव घोडेस्वार ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की रंगाच्या दुकानातही त्याच्या डब्यांवर तेच लिहिलेलं असे.

घोडी थांबली की तोल सांभाळायची त्याची एक खास रीत होती. डावा पाय पायऱ्यांच्या मधून आत घालायचा आणि बाजूचा दांडा गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला घट्ट रेटून धरायचा. मग दोन्ही हात मोकळे. छताचा कोपरा असो की खिडकीच्या वरची पट्टी, त्याचा ब्रश कधी थरथरला नाही. वरून त्याला जग फार छान दिसायचं. कपाटांच्या माथ्यावर लोक काय काय लपवतात हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल, पण त्यानं ते कधी कुणाला सांगितलं नाही.

त्याची बायको गणवेश शिवायची. शाळेचे, दवाखान्याचे, बसवाल्यांचे. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं आणि मशीनवर तिचं राज्य होतं. "ढिलं शिवणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या तोंडाला पानं पुसणं," हे तिचं ब्रीद. तिनं लावलेलं बटण ओढलं तर शर्ट फाटेल, पण बटण तुटणार नाही, अशी ख्याती. स्वभावही तसाच, घट्ट टाक्याचा. रागावली की मशीन अशी पळवायची की शेजारच्यांना कळायचं, आज घोडेस्वाराचं काही खरं नाही.

ती पुढची खोली त्यानं लग्नाच्या आधी स्वतः रंगवली होती. पोपटी. साधासुधा नव्हे, दुकानातल्या कुठल्याही डब्यात न मिळणारा, स्वतःच्या हातानं कालवलेला, डोळे दिपवणारा पोपटी. रंग जुना झाला की तोच पुन्हा कालवून लावायचा. आल्यागेल्याला खोलीच्या मधोमध उभं करून तो म्हणायचा, "असा रंग दुसरीकडे दाखवा!" पाहुणा खरोखरच कुठे दाखवू शकत नसे. बायको अशा वेळी कापड आणि दोऱ्याची रिळं उचलून दारात जायची. दिवसातून कितीदा तरी ती अशी दारात जायची. तिला मोकळ्या हवेची भारी आवड, असं तो कौतुकानं सांगायचा.

तर एकदा त्याचा डावा गुडघा दुखायला लागला. दुखणं साधंच होतं, वाटीच्या खाली ठणका, वय आणि शिडी यांचं मिळून झालेलं. पण बायकोनं ते मनावर घेतलं. "ताठ उभे राहा," म्हणाली आणि टेप लावून माप घेतलं. मग पँटच्या कमरेला घालायचं सगळ्यात जाड इलॅस्टिक काढलं, आतून कॅनव्हास लावलं, कडा दुहेरी टिपेनं मारल्या आणि गुडघ्याखाली बांधायचा एक झकास काळा पट्टा तयार केला. त्याला पितळेचं चौकोनी बक्कल. बक्कल कुठे यावं याचा तिला विचारही करावा लागला नाही. हूक असो, बटण असो की बक्कल, जे काही टोचेल ते बाहेरच्या बाजूला. आतल्या बाजूला ठेवलं तर चालताना दुसऱ्या पायाला घासतं. हे शिवणकाम शिकणाऱ्या पोरीलाही पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

पट्टा लागला आणि वाटीचा ठणका खरंच थांबला. घोडेस्वार हरखला. ज्याच्या त्याच्यापुढे पँट वर करून पट्टा दाखवू लागला. "आमच्या घरचं काम आहे म्हटलं!" बायको वरवर म्हणायची, "पुरे आता, लोकांना काय पाय दाखवता!" पण त्या दिवसांत तिचं मशीन गाणं म्हटल्यासारखं चालायचं. झोपतानाही ती स्वतःच्या हातानं पट्टा बांधायची आणि एक बोट आत घालून बघायची. बोट गेलं तर आणखी एक भोक घट्ट.

मग पायात वेगळंच काहीतरी सुरू झालं. नडगीच्या बाहेरच्या बाजूनं, थेट पावलाच्या वरपर्यंत, कुणी तापलेली तार ओढावी तशी आग. मधूनच मुंग्या. मधूनच काहीच नाही, पाऊल जणू शेजाऱ्याचं. चप्पल निसटून मागे राहायची आणि हा तसाच पुढे. चालताना पाऊल जमिनीवर फट्ट वाजायचं. एकदा एका प्राध्यापकांच्या घरी उंबऱ्याला त्याचं बोट अडलं आणि बदामी रंगाचा अख्खा डबा त्यांच्या बुटांवर ओतला गेला. प्राध्यापक भला माणूस. म्हणाले, "जुनेच होते." पण घोडेस्वाराचा चेहरा पडला. डाव्या पायाचा अंगठा वर उचलायचा म्हटला तर उचलत नव्हता. हुकूम वरून सुटत होता, खाली कुणी ऐकत नव्हतं.

बायकोनं काय केलं? पट्टा आणखी आवळला.

तिचा भाऊ, म्हणजे घोडेस्वाराचा मेहुणा, बघायला आला. त्याची स्वतःची कंबर धरलेली होती, त्यामुळे त्याला जगातल्या प्रत्येक दुखण्याचं मूळ कमरेत दिसायचं. कुणाचा दात दुखला तरी तो कमरेची चौकशी करी. "दाजी, ही कमरेतली नस," तो ठामपणे म्हणाला. मग काय, कमरेला शेक, कमरेला तेल, कमरेखाली फळी. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला! बिचारी कंबर ठणठणीत होती, ती फळीवर झोपून झोपून दुखायला लागली. आता दोन दुखणी झाली.

रंगाच्या दुकानाचा मालक हळूच म्हणाला, "घोडेस्वार, पाय बरा होईपर्यंत उंच कामं मी दुसऱ्याला देतो. रागावू नका." तो रागावला नाही. त्या दिवशी घरी आला आणि अंगणात उभी असलेली घोडी बराच वेळ पुसत बसला. जमिनीवर उभं राहून खालच्या पट्ट्या रंगवायच्या, एवढंच आता नशिबात राहणार का? दुसऱ्या दिवशी तो मेहुण्याला न विचारता मोठ्या दवाखान्यात नसांच्या डॉक्टरांकडे गेला. बायकोला शाळांच्या गणवेशांची घाई होती, ती येऊ शकली नाही.

बाहेरच्या बाकावर बसून त्यानं पट्टा सोडला, नीट गुंडाळला आणि खिशात ठेवला. घरच्या हातची वस्तू, उगाच कुणी इकडे तिकडे टाकायला नको.

डॉक्टर म्हणजे एक हसतमुख तरुण बाई होत्या. त्यांनी आधी त्याला बोलू दिलं. मग कंबर पाहिली, वाकवली, पाय सरळ उचलून पाहिला आणि म्हणाल्या, "काका, कंबर चांगली आहे हो तुमची."

"होती," घोडेस्वार म्हणाला. "मेहुण्याच्या हाती लागायच्या आधी."

त्या हसल्या. टाचणीच्या टोकानं पावलावर, नडगीवर टोचून कुठे कळतं आणि कुठे नाही ते बघितलं. मग त्यांची नजर गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला गेली. तिथे कातडीवर एक चौकोन उमटला होता, अगदी आखल्यासारखा. डॉक्टरांनी त्या चौकोनावर बोटानं टकटक केलं आणि घोडेस्वार टेबलावरून उडालाच. सरळ अंगठ्यापर्यंत करंट गेला.

"इथे काय बांधता?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्यानं खिशातून पट्टा काढला. डॉक्टरांनी बक्कल चौकोनावर ठेवून पाहिलं. तंतोतंत.

"तुमच्या घरात विजेची वायर भिंतीच्या आतून गेलीय की वरून?" त्यांनी विचारलं.

"आतून. पण एका ठिकाणी वरून आहे, दाराच्या कडेला."

"आणि कपाट सरकवताना धक्का कुठे लागतो?"

"तिथेच."

"तसंच आहे. पाय वर उचलणारी ही नस सगळीकडे मांसाच्या आत सुरक्षित आहे. फक्त इथे, या बाहेरच्या हाडाला वळसा घालताना ती अगदी कातडीखाली येते. नेमकी तिथेच तुम्ही दिवसभर शिडीचा दांडा रेटता, आणि वरून हे बक्कल. बिचारी नस चेंगरलीय."

मग तपासणी झाली. पायाला बारीक बारीक झटके देऊन नसेतून निरोप किती वेगानं जातो ते पडद्यावर पाहिलं. खाली घोट्याकडून हाडापर्यंत निरोप बरा चालत होता, त्या चौकोनाखाली येऊन रेंगाळत होता. "नस मेलेली नाही," डॉक्टर म्हणाल्या, "दबलीय. दाब काढला तर ती आपली आपण सावरते. पट्टा आजपासून बंद. शिडीत पाय अडकवणं बंद. उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. व्यायाम शिकवते. काही महिने धीर धरा. एवढं करूनही अंगठा उठला नाही, तर छोटं ऑपरेशन करून नस मोकळी करावी लागेल. आणि फारच उशीर झाला तर मग मीही खात्री देणार नाही. कळलं?"

कळलं म्हणजे काय, त्याला नाचावंसं वाटलं. दवाखान्याच्या पायऱ्या तो फट्ट फट्ट करत शीळ घालत उतरला. फाटकापाशी आल्यावर हातातल्या पट्ट्याकडे लक्ष गेलं आणि शीळ थांबली. हे घरी सांगायचं कसं?

"काय म्हणाले डॉक्टर?" मशीन थांबवून बायकोनं विचारलं.

"नस दबलीय."

"अगंबाई! कशानं?"

तिच्या कपाळावर घाम होता, शेजारी गणवेशांचा ढीग. डोळ्यांत काळजी. घोडेस्वार म्हणाला, "वयानं."

"आणि पट्टा?"

"पट्ट्याचं... काही बोलल्या नाहीत." इकडे आड, तिकडे विहीर, त्यानं आडात उडी मारली.

मग सुरू झाली चोरी. सकाळी बायको पट्टा बांधून द्यायची. हा कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरायचा, पट्टा सोडून पाववाल्याकडे ठेवायचा आणि संध्याकाळी परत येताना बांधून घरी. पाववाला पट्टा पावाच्या फळीवर ठेवायचा आणि काही विचारायचा नाही. दिवस असा सुटायचा. पण झोपताना बायको स्वतः बांधायची, बोट घालून बघायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. अंगठा ढिम्म हलला नाही.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी चौकोन पाहिला. तो ताजा होता. त्यांनी नुसतं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि घोडेस्वारानं सगळं ओकून टाकलं. त्या या वेळी हसल्या नाहीत. "काका, असंच चाललं तर मला चिरावं लागेल. काकूंना घेऊन या. नाहीतर मी येते."

"नको, नको, मीच सांगतो," म्हणाला खरा. त्या विचारात संध्याकाळी बेकरीवरून सरळ पुढे निघून आला, पट्टा न बांधताच. घरात शिरल्यावर लक्षात आलं आणि त्याची पाचावर धारण बसली. बायको घरात नव्हती. पाव आणायला गेली होती.

ती आली. पाव टेबलावर ठेवला. त्याच्या शेजारी पट्टा ठेवला.

"हा पावाच्या फळीवर काय करत होता?"

घोडेस्वार खुर्चीत बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. चौकोन, बक्कल, वायर, चेंगरलेली नस, ऑपरेशन. बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता, मशीनच्या चाकाकडे बघत होता.

"म्हणजे मी बांधत होते," ती शेवटी म्हणाली. "रोज. माझ्या हातानं."

"तुला काय माहीत होतं?"

"पण तुम्हाला माहीत होतं! मला सांगितलं का नाही?"

"अगं, तू किती हौसेनं शिवला होतास..."

आणि मग बांध फुटला. ती रडलीही आणि भडकलीही, दोन्ही एकदम, कुठलं कुठे संपतंय ते कळेना. "तुमचा पाय गेला असता आणि माझं मन राहिलं असतं! त्या मनाचं मी काय लोणचं घालू?" असं म्हणून तिनं कात्री उचलली, आणि स्वतःच्या दुहेरी टिपेच्या कामाचे कराकरा दोन तुकडे केले. बक्कल टणकन फरशीवर पडलं. मग ती त्याच्यासमोर बसली, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि त्या चौकोनावर फक्त तळहात ठेवला, अलगद, दाब न देता. घोडेस्वाराच्या डोळ्यांत पाणी आलं. पाय दुखत होता म्हणून नव्हे.

थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं. "आणखी काय काय लपवलंय माझ्यापासून?"

"काही नाही. तू?"

तिनं निळ्या दोऱ्याचं रीळ उचललं आणि दारात गेली.

दुसऱ्या दिवसापासून बायकोनं त्या पायाचा ताबा घेतला. दवाखान्यात स्वतः गेली. पाऊल खाली पडू नये म्हणून घोट्याला बांधायचा एक पट्टा डॉक्टरांनी दाखवला, पुढून बुटाला इलॅस्टिकनं जोडलेला. "असं करता येईल?" तिनं विचारलं. डॉक्टरांनी कुठे दाब चालेल आणि कुठे नाही ते तिच्या हाताला धरून दाखवलं. घरी येऊन तिनं जुन्या पट्ट्याच्या तुकड्यांतलंच इलॅस्टिक घेतलं आणि तसा पट्टा शिवला, बक्कल न लावता, हाडापासून दूर, आणि एक बोट सहज जाईल एवढा ढिला. ढिला! तिच्या हातून ढिलं शिवलेली ही पहिली वस्तू. डॉक्टरांनी फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "घाला, काका."

उंच कामं बंद म्हणून घोडेस्वार दिवसभर पुढच्या खोलीत. एवढी वर्षं संसार झाला, पण त्या खोलीत दिवसभर तो कधी बसलाच नव्हता. पाय स्टुलावर, सांगितलेले व्यायाम चालू आणि मधल्या वेळात बायकोला दोऱ्याची रिळं लावून देणं. "दवाखान्याच्या कोटाचा पांढरा द्या," ती म्हणाली. त्यानं दिला. ती उठून दारात गेली, परत आली. "हा नव्हे, हा हिरवट आहे." रंगाऱ्याला कुणी रंग चुकला म्हणतं? तो चिडून स्वतः दारापर्यंत गेला. बाहेरच्या उजेडात दोरा शुभ्र होता. पुन्हा खोलीत आणला, हिरवट. निळा आणला, तो शेवाळी. करड्याचं तर विचारूच नका.

घोडेस्वार मधोमध उभा राहिला आणि त्यानं भिंतींकडे पाहिलं. चारही बाजूंनी तो लखलखता पोपटी प्रत्येक कापडावर, प्रत्येक दोऱ्यावर, बायकोच्या गालांवरसुद्धा सांडत होता. लग्नापासून आजपर्यंत प्रत्येक दोरा जुळवायला ही बाई उठून दारात जात आली होती. आणि तो लोकांना सांगत होता, हिला मोकळ्या हवेची आवड! त्याला स्वतःला एक थोबाडीत मारावीशी वाटली. तो मुकाट्यानं स्टुलावर पाय ठेवून बसला आणि अंगठ्याकडे डोळे वटारून म्हणाला, "ऊठ बाबा लवकर. काम निघालंय."

अंगठ्यानं बरेच दिवस भाव खाल्ला. आग मात्र हळूहळू कमी होत गेली. मग एके दिवशी दुपारी बायको मशीनवरून एकदम ओरडली, "हलला!"

"काय?"

"अंगठा! आत्ता! पुन्हा करा!"

त्यानं केलं. अंगठा वर आला, थोडासाच, झोपेतून उठलेल्या पोरासारखा कुरकुरत. पण आला. बायकोनं टाळ्या वाजवल्या, मेहुण्याला फोन लावला आणि "कंबर सोड, अंगठा उठला!" एवढंच सांगून ठेवून दिला. त्या दिवशी गणवेश तसेच पडून राहिले.

पुढे पाऊल सरळ पडू लागलं. फट्ट थांबलं. डॉक्टरांनी पुन्हा झटके देऊन पाहिलं आणि ऑपरेशनची गरज नाही म्हणाल्या. "शिडीवर चढा, पण पाय अडकवायचा नाही. आणि मधे मधे उतरायचं, काका. माणसासारखं."

"उतरतो," तो म्हणाला.

पहिलं काम त्यानं कुणाचंही घेतलं नाही. बायको कापड आणायला बाजारात गेली असताना त्यानं मशीनवर चादर घातली, घोडी पुढच्या खोलीत उभी केली आणि वर चढला. ती परतली तेव्हा निम्मी खोली पांढरी झाली होती आणि घोडी खट्, खट् करत उरलेल्या पोपटीकडे चालली होती.

"अहो, हे काय चालवलंय?"

"तुझा दोरा आता बसल्या जागी जुळेल."

ती दारात तशीच उभी राहिली. पिशवी खांद्यावरून उतरवायचं भान नव्हतं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तू तर नाहीच सांगितलंस. इतकी वर्षं! का नाही सांगितलंस?"

"अहो, तुम्ही किती हौसेनं लावला होता..." आणि ती मधेच थांबली. आपण काय बोलतोय ते तिच्या लक्षात आलं.

घोडेस्वार घोडीवरून खाली वाकला. याच क्षणाची तो कित्येक दिवस वाट बघत होता. "तुझे डोळे गेले असते आणि माझं मन राहिलं असतं! त्या मनाचं मी काय लोणचं घालू?"

ती हसली. इतकी हसली की तिला मशीनच्या स्टुलावर बसावं लागलं. हसता हसता डोळे पुसले, चादर बाजूला केली, निळं रीळ उचललं आणि मांडीवरच्या कापडाला लावून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. दोरा निळाच होता. मग ती जागची न उठता म्हणाली, "चहा टाकते, खाली या. डॉक्टर काय म्हणाल्या होत्या?"

घोडेस्वार खाली उतरला.